पहिला घाणा

आत्याबाई, परवा मला साताऱ्यात भाषणाला बोलावलं होतं. हसू नका. लग्न होऊन आले तेव्हा उंबऱ्यात अडवून नाव घ्यायला सांगितलं तर जिची बोबडी वळली होती, ती तुमची सून आता हातात माइक धरून तासभर बोलते, आणि बायका ऐकून घेतात. लहान धंदा करणाऱ्या बायकांचं शिबिर होतं. कुणी लोणची घालणारी, कुणी शिलाईवाली, पाटणकडची एक नाचणीची बिस्किटं करणारी. विषय होता, गिऱ्हाईक कसं मिळवायचं आणि मिळालेलं कसं टिकवायचं. माझ्या आधी पुण्याचे एक साहेब बोलले. गिऱ्हाइकाला मागच्या वेळी काय आवडलं याची नोंद ठेवा म्हणाले, माल विकून झाल्यावरही त्याची चौकशी करा, आणि जे जमणार नाही ते कबूल करू नका. पडद्यावर चौकोन होते, बाण होते. बायका मान खाली घालून भराभरा उतरवून घेत होत्या, आणि मी कडेच्या खुर्चीवर बसून मनात म्हणत होते, साहेब, हे सगळं आमच्या म्हातारीनं एका भिंतीवर टांगून ठेवलं होतं, आणि तिला सहीसुद्धा येत नव्हती. असा ऊर भरून आला की माझी पाळी आली तेव्हा पहिली दोन वाक्यं मला धड बोलताच आली नाहीत.

डंक म्हणजे काय हे त्या साहेबांना मला समजावून सांगावं लागलं. दगडी पाट्यात बसवलेली लोखंडी उखळं, वर मोटारीच्या पट्ट्यानं खालीवर होणारी मुसळं, आणि बोळाच्या तोंडापर्यंत ऐकू जाणारा धाड धाड आवाज. आपल्याकडं चटणी म्हणजे ताटातली डावी बाजू नव्हे, वर्षभराची तिखटाची बेगमी, हेही सांगितलं. होळी झाली की बायका मिरच्या उन्हात घालतात, देठ खुडतात, धने-खोबरं भाजतात, कांदा-लसूण तळून घेतात आणि सगळं डोक्यावर घेऊन डंकावर येतात. सांगलीच्या त्या नदीकडं उतरणाऱ्या बोळात उन्हाळाभर माणसं शिंकतच चालायची. तिथं आत, मोटारीच्या मागच्या भिंतीवर तुम्ही खिळे ठोकले होते. दर खिळ्याला एक पुरचुंडी. दर पुरचुंडीत एका घराची मागल्या सालची चिमूटभर चटणी, आणि ती बांधलेली त्याच घरातल्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं. बाई पोतं घेऊन आली की तुम्ही तिची पुरचुंडी सोडणार, तळहातावर टाकून जिभेला लावणार, मग तिची नवी मिरची मोडून हुंगणार आणि सांगणार, "औंदा तुजी मिरची लय जाळ हाय गं. वाईच ब्याडगी वाढीव, न्हाईतर तुजा सासरा ताट सारंल." त्या बाईचा सासरा तिखट खात नाही हे त्या बाईच्या आधी तुम्हाला आठवायचं. दिवाळीच्या बाजारात कुणी भेटली तर तुम्ही आधी पोराबाळांचं विचारायचा नाही, विचारायचा, "चटणीचा रंग हाय न्हवं अजून? उतरला न्हाई?" मला तेव्हा लाज वाटायची. भर बाजारात काय हे, असं वाटायचं.

त्या भिंतीवर उजव्या हाताच्या दोन ओळी मात्र तुम्ही मुद्दाम पांढऱ्या चिंध्यांच्या ठेवल्या होत्या. ती सगळी जैनांची घरं. त्यांच्यात कांदा-लसूण चालत नाही, आणि चालत नाही म्हणजे वाससुद्धा चालत नाही. म्हणून उखळात पडणारी दिवसाची पहिली खेप, तुमचा पहिला घाणा, त्यांचा. पहाटे उठून तुम्ही हंडाभर पाणी उकळायचा, उखळं आणि मुसळं धुवायचा, कोरड्या फडक्यानं पुसायचा, मग मूठभर खडेमीठ कुटून ते फेकून द्यायचा. मीठ जाताना आदल्या दिवसाचा वास घेऊन जातं म्हणायचा. त्यानंतर पांढऱ्या चिंधीची पोती, आणि ती संपली की बाकीचं गाव. दाराशी कुणी कितीही खोळंबलेलं असो, हा क्रम मोडायचा नाही. एकदा फौजदाराची बायको आली होती, तिलाही तुम्ही पायरीवर बसवून ठेवलं होतं. मी नवी होते, पाटणकडच्या खेड्यातून आलेली, आणि मला त्या धुण्यापुसण्याचं फार काही वाटत नव्हतं. मी मॅट्रिक होते ना. घरात दुसरं कुणी मॅट्रिक नव्हतं. ह्यांचं फौजेतून पत्र आलं की मीच तुम्हाला वाचून दाखवायची, त्यामुळे आपल्याला तुमच्यापेक्षा चार गोष्टी जास्त कळतात अशी माझी पक्की समजूत.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्याच्या तोंडाला पेठेत नवी गिरणी निघाली. दळण, कांडप, सगळं एका जागी, आणि टांग्यावर कर्णा बांधून दिवसभर जाहिरात. आपल्या बोळातली तीन घरं तिकडं गेली. पाण्याच्या नळावर त्यांच्या बायका माझ्याकडं बघायच्या नाहीत, मी त्यांच्याकडं बघायची नाही. तुम्ही मात्र त्यांच्या पुरचुंड्या खिळ्यावरून काढल्या नाहीत. "जाऊंद्यात की. बघून येत्याल," म्हणालात. मला ते पटेना. मी छापखान्यात जाऊन हँडबिलं छापून आणली, गुलाबी कागदावर, आणि वर मोठ्या अक्षरात लिहवून घेतलं: आज द्या, आजच न्या. तुम्ही कागद हातात उलटासुलटा करून बघितला आणि वाचायला लावलात. वाचून झाल्यावर म्हणालात, "कागूद वाट, माजी ना न्हाई. पर हुतंय तेवढंच लिवावं पोरी. दिसाला किती घाणं निघत्यात तुला ठावं हाय न्हवं?" मी म्हणाले, "आवं आत्याबाई, जाहिरात अशीच असतीया. गिरणीवाला काय खरं बोलतोय काय?" तुम्ही कागदाची घडी घालून मला परत दिलीत. मला वाटलं, जिंकले.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही उंब्रजला गेलात, भावाच्या नातवाच्या बारशाला, दोन दिवसांसाठी. निघण्याआधी कोपऱ्यातलं एक पोतं दाखवून सांगितलंत, हे आक्कांचं, उद्याचा पहिला घाणा ह्यांचाच, लगीनघर आहे, सांभाळ. आक्का म्हणजे नदीपलीकडच्या मळ्यातल्या जैनांच्या घरच्या थोरल्या. त्यांच्या शब्दावर पांढऱ्या चिंधीची निम्मी भिंत अवलंबून होती. पोतं आदल्या संध्याकाळीच आलेलं, त्यांची गाडी दुसऱ्या दिवशी चारला न्यायला येणार होती, आणि आठ दिवसांवर त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडते तर पायरीवर ही गर्दी. बाजारात हँडबिलं वाटली होती, त्याचा गुण. गुलाबी कागद हातात धरून बायका उभ्या. आजच नेणार, असं लिहिलंय तुम्ही, आम्ही आष्ट्याहून आलोय, आम्हाला परतीची गाडी आहे. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. हंडा चुलीवर ठेवायलाच मी विसरले. विसरले असं मी पुढं बरीच वर्षं म्हणत आले, पण विसरले नव्हते. धुण्यापुसण्यात दीड तास जाणार आणि ह्या बायका तोवर गिरणीची वाट धरणार, असा हिशेब करून मी मोटार चालू केली. कांदा-लसणाचा घाणा उखळात पडला आणि मी पदर खोचून कामाला लागले.

भर दुपारी पाणी प्यायला उठले तेव्हा कोपऱ्यातल्या पोत्याकडं नजर गेली आणि तांब्या तसाच खाली ठेवला. चारला गाडी येणार. हंडा उकळायचा, धुवायचं, पुसायचं, वाळेपर्यंत थांबायचं, मग कुटायचं, म्हणजे पाच तरी होणार, आणि बाहेर अजून सहा पोती. मी काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी एकदा माझ्या हातानं लिहिते. ओल्या फडक्यानं उखळं पुसली, कोरड्या फडक्यानं पुसली, दोन मुठी मीठ कुटून टाकलं आणि आक्कांच्या मिरच्या ओतल्या. कुटून झाल्यावर चटणी नाकाशी नेली. मिरचीचाच वास आला, दुसरा कशाचा नाही. रंग असा सुरेख उतरला होता की मी स्वतःवरच खूश झाले. चारला गाडी आली, डबे गेले. संध्याकाळपर्यंत बाहेरची सगळी पोती निघाली. माझे हात भाजत होते, डोळे सुजले होते, आणि मला वाटत होतं, आत्याबाई आल्या की बघतील, मॅट्रिक सून काय चीज आहे ते.

त्याच संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा उतरतं ऊन भिंतीवर होतं. पिशवी खाली ठेवली आणि चप्पल काढायच्या आधी विचारलंत, "आक्कांची गेली?" गेली म्हणाले. "पहिल्या घाण्याला कुटली न्हवं?" आणि मी म्हणाले, "व्हय." अगदी सहज. तोंडातून बाहेर पडायला काहीच त्रास झाला नाही. तुम्ही आत गेलात, पाय धुतलेत, तांब्याभर पाणी प्यालात आणि डंकाशी येऊन उभ्या राहिलात. मी तुमच्याकडं पाठ करून पोत्यांच्या घड्या घालत होते. "हंडा जाग्यावर पालथा हाय," तुम्ही म्हणालात. थोड्या वेळानं म्हणालात, "मोरी कोरडी हाय." उखळांच्या मागची ती मोरी. पहाटेच्या पाण्यानं ती दुपारपर्यंत ओली असायची, आणि तिच्या कडेला मिठाचा पांढरा ओघळ संध्याकाळपर्यंत राहायचा. त्या दिवशी तिथं नुसती लाल धूळ होती. तुम्ही ओरडला असता तर बरं झालं असतं, मी उलट उत्तर दिलं असतं, माझी जीभ काही कमी नव्हती. तुम्ही आत जाऊन आपल्या घरची निवडून ठेवलेली मिरची पोत्यात भरलीत, धने बांधून घेतलेत आणि म्हणालात, "चल. पायात घाल."

वाटेत मी सगळं बोलून बघितलं. कुणाला कळणार नाही आत्याबाई. वास नाही, काही नाही, मी स्वतः बघितलं. सांगितलं तर जैनांचं एकही घर आपल्याकडं यायचं नाही, गिरणीवाला टपूनच बसलाय. आणि आक्कांना तरी कशाला जिवाला घोर, लग्नाच्या घरात? तुम्ही डोक्यावर पोतं घेऊन भराभर पुढं चालत होता. नावेत म्हणालात, "त्यास्नी कळंल म्हनून न्हाई चाललो. त्येंनी इस्वासानं पोतं ठेवलं आनी गेली. मागं बघितलं न्हाई. म्हनून चाललो." एवढंच. मी नावेच्या काठाला धरून बसले आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. तोपर्यंत नुसता राग होता.

आक्कांच्या अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. आक्का शेवया वाळत घातलेल्या बाजेपाशी उभ्या होत्या, सडपातळ, कपाळाला मोठं कुंकू. तुम्ही पोतं उतरवलंत आणि पाणीसुद्धा न घेता सांगितलंत. सकाळी डंक धुतला नव्हता, कांदा-लसणाच्या मागनं तुमची चटणी कुटली, ती वापरू नका. सगळं दोन वाक्यांत. आक्कांचा चेहरा उतरला. घरातल्या बायका दारात येऊन थांबल्या. एकजण म्हणाली, "डबं सोवळ्याच्या फळीवर ठेवल्यात की," आणि पदर तोंडाला लावला. आक्कांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी तुम्हाला विचारलं, "तुमी तर गावाला गेलतासा म्हनं. तुमाला कोन सांगितलं हे?" मी मान खाली घातली. आता तुम्ही मोरीचं सांगणार, माझ्या "व्हय"चं सांगणार, आणि ह्या सगळ्या बायका ते ऐकणार. तुम्ही म्हणालात, "सुनंनं. घरात पाय ठेवल्या ठेवल्या आपनहून सांगितलं पोरीनं. रडत हुती."

आत्याबाई, भाजीवालीला कोथिंबीर शिळी आहे म्हणून तोंडावर सांगणारी बाई तुम्ही. मिरची ओली असली तर पोतं परत पाठवणाऱ्या, कबूल केलं ते झालं नाही तर स्वतः घरी जाऊन सांगणाऱ्या. तुमच्या तोंडून मी त्या एका दिवशी खोटं ऐकलं, आणि ते माझ्यासाठी होतं.

मग तुम्हीच म्हणालात, मिरची आणलीया, तुमच्याच घरात, तुमच्याच उखळात, आम्ही दोघी हातानं कुटून देतो, लग्नाला चटणी कमी पडायची नाही. त्यांनी जराशी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून आपण परत गेलो आणि दोन दिवस त्या अंगणात मुसळ धरलं. भर उन्हाळा, मिरचीचा खकाणा, समोरासमोर आपण दोघी, एकीचं मुसळ वर तर एकीचं खाली. माझ्या तळहाताला फोड आले आणि फुटले. तुम्ही आधी कितीतरी वर्षं घरोघर जाऊन हातानंच कुटायचा आणि त्यातून डंक उभा केलात, हे मला ऐकून माहीत होतं. त्या दोन दिवसांत हाताला कळलं. तुमचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढं, पण तुमचा ठेका एकदा चुकला नाही. माझाच चुकायचा आणि तुम्ही मुसळ वर धरून माझी वाट बघायचा.

परत येताना नावेत मी विचारलं, खोटं का सांगितलं तुम्ही? मी कुठं आपणहून सांगितलं? तुम्ही पाण्यात हात बुडवून बसला होता, आग होत होती म्हणून. म्हणालात, "डंकाची चूक व्हती, ती मी सांगितली. तुजी तू सांग. तुला जमंल तवा." आणि पुन्हा कधीही, मरेपर्यंत, तो विषय काढला नाहीत. भांडणातसुद्धा नाही. आपली भांडणं काय कमी झाली का? पण ते हत्यार तुम्ही कधी उचललं नाहीत.

मी म्हणाले होते तसंच झालं. त्या उन्हाळ्यात पांढऱ्या चिंधीचं एकही घर परत आलं नाही. तुम्ही मात्र रोज पहाटे हंडा ठेवायचा, उखळं धुवायचा, मीठ कुटून फेकायचा आणि मग मोटार बंद ठेवून पायरीवर बसायचा. पहिल्या घाण्याची वेळ मोकळी. बाकीच्या बायका पोती घेऊन खोळंबायच्या, कुरकुरायच्या. एकजण म्हणाली, आता कुणासाठी थांबताय, कोण येणार आहे? "आलं तर?" तुम्ही म्हणालात. मी चिडायची. ताटं आपटायची. एक महिना, मग दुसरा, पावसाळा तोंडावर येईपर्यंत रोज तेच. ह्या बाईपुढं आपण काही करू शकत नाही, असं म्हणत म्हणत शेवटी शेवटी हंडा मीच भरायला लागले. माझी हँडबिलं उरली होती. तुम्ही ती चुलीत घालू दिली नाहीत. मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्याकडून लिहवून घेतलंत, दिवसाला एवढेच घाणे निघतील, जास्त असतील तर पोतं ठेवून जा, उद्या न्या. ती दारावर चिकटवली. मला वाटलं, अशानं कोण येणार? पण उन्हातान्हातून येऊन ताटकळण्यापेक्षा उद्या ये म्हणून सरळ सांगितलेलं बायकांना बरं वाटायचं. गिरणीकडं गेलेल्या तीन घरांतली दोन त्याच उन्हाळ्यात परत आली. त्यांच्या पुरचुंड्या खिळ्यावर होत्याच.

पुढच्या साली होळीनंतरच्या पहिल्या दिवशी मी पहाटे दार उघडलं, तर पायरीवर आक्का. शेजारी पोतं. गाडीवान मागं अजून दोन पोती उतरवत होता, ती त्यांच्या भावकीतली. तुम्ही पदराला हात पुसत आतून आलात आणि उंबऱ्याशी थांबलात. मीच म्हणाले, या आक्का, डंक धुतलाय, बघून घ्या. आक्का म्हणाल्या, "बघायचं काय त्येच्यात? मागलं साल गिरनीत कुटली. चांगली कुटत्यात. पर चूक तिथंबी हुत आसंल की. सांगनारं कोन हाय तिथं?" मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून तुम्हाला म्हणाल्या, "जी सून आपली चूक आपनहून सांगती तिच्या हातनं कुटून पायजे मला." तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. आत जाऊन त्यांची पांढरी पुरचुंडी खिळ्यावरून काढून आणलीत.

बाकीचं तुम्हाला माहीत आहे, आणि जे माहीत नाही ते सांगते. तुम्ही गेल्यावर डंकाचे दोन झाले, मग कुपवाडला जागा घेतली. आता तिथं शेड आहे, यंत्रं आहेत, आपला मसाला सातारा, कराड, पुण्यापर्यंत जातो. बिनकांदा-लसणाच्या पाकिटावर वर एक पांढरी पट्टी आहे. चित्र काढणाऱ्या मुलानं हिरवी सुचवली होती, मी त्याला भिंतीची गोष्ट सांगून गप्प केलं. पहिला घाणा अजून त्याच मालाचा असतो, यंत्र धुऊन. आणि नवी बाई कामाला लागली की पहिल्या दिवशी मी तिला समोर बसवून ती गोष्ट सांगते. सून, गर्दी, न धुतलेला डंक, आणि सासू घरात आल्या आल्या सुनेनं आपणहून सांगितलं. शिबिरातही तीच सांगते. साताऱ्यात सांगितली तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. टाळ्या फार वाजल्या.

आज दुपारी आमच्या सकाळच्या पाळीची मुख्य बाई माझ्या घरी आली. तिशीची आहे, दोन मुलांची आई, कामाला चोख. स्कूटर फाटकात तशीच टाकून आत आली. म्हणाली, "बाई, टेम्पो थांबवा." काल संध्याकाळच्या पाळीनंतर यंत्र नीट धुतलं गेलं नव्हतं, आज सकाळी तिनं न तपासताच पांढऱ्या पट्टीचा माल काढला, आणि तो टेम्पो इस्लामपूरच्या पुढं गेला होता. दुसऱ्या कुणालाही हे ठाऊक नव्हतं. मी तिला आधी अशी झापली की शेजारीण गॅलरीत आली. मग टेम्पो फिरवला, दुकानदारांना फोन केले, माल येणार नाही आणि का येणार नाही ते सांगितलं. दोघांनी मला ऐकवलं, एकजण म्हणाला, कळवलंत ते बरं केलंत. ती तोवर दारात उभीच होती. मी विचारलं, गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं गं? ती म्हणाली, "तुमच्या गोष्टीतली सून सकाळधरनं डोक्यातनं जाईना बाई. म्हटलं, त्यांना त्या वयात जमलं, तर मला का न्हाई जमायचं?" मला काय वाटलं ते कसं सांगू आत्याबाई. एवढा अभिमान मला माझ्या शेडचाही कधी वाटला नव्हता. तुम्ही नदीपलीकडच्या अंगणात जी सून नुसती बोलून दाखवली होती, ती माझ्या दारात घामाघूम होऊन उभी होती. मग जाता जाता ती वळली आणि म्हणाली, "तुमीबी असंच सांगितलं होतं न्हवं सासूबाईंना?"

मी म्हणाले, "व्हय."

आक्का जाऊनही पुष्कळ वर्षं झाली, त्यांना सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही असता तर हे पत्र तुम्हाला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि ते दुसऱ्या कुणी वाचलेलं मला चाललं नसतं, म्हणजे तेव्हाही मी लिहिलं नसतंच. उद्या तिची पहिल्या घाण्याची पाळी आहे, ती सातला येते. मी आठला जाते. उद्या मीही सातला जाईन आणि तिला खरं काय झालं ते सांगेन, असं इथं लिहिणार होते. पण तुमच्यापुढं आणखी एकदा खोटं बोलायला नको. अजून जमलेलं नाही, आत्याबाई.